गरम लाइनीचा पावसाळा

(नौबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. लोकशाही, संतपरंपरा, भाषेचं भवितव्य. मी घेतलाय वाफेच्या तापलेल्या पाइपावर चढवायचा कडक थर. पत्रिका छापणाऱ्याने फोन करून खात्री करून घेतली की विषय हाच ना. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी असते तर त्यांनी विचारलं नसतं. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द फळ्यावर लिहून झाले की ते मुलांना विचारायचे, "आता सांगा, यातलं काय काय तुमच्या घरी चाललंय?" आणि चुलीपासून माळवदापर्यंत सगळं घर वर्गात यायचं.

नौबादला हा विषय परका वाटायचं कारण नाही. पंधराव्या शतकात, बहमनी राजधानी बिदरला आल्यानंतरच्या काळात, इथल्या जांभ्या दगडाखालून सुरंगबावी खोदली गेली. करेझ म्हणतात ती. दोन किलोमीटरहून लांब बोगदा आणि वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. पाणी उघड्या पाटाने न्यायचं सोपं काम सोडून त्या लोकांनी ते उन्हाच्या पोटाखालून नेलं, कारण वाटेत काय गमवावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. वाटेत काय गमावतो हाच माझाही विषय आहे. फक्त माझ्याकडे पाण्याच्या जागी वाफ आहे.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उदगीरची गाडी पकडायची आहे त्यांची अडचण नको. आपल्या भागात गरम पाइपावरचं आवरण उष्णतेने फारसं बिघडत नाही. ते बिघडतं पाइप थंड असतो त्या महिन्यांत, म्हणजे पावसाळ्यात. आणि आपण ते बसवतो मात्र पाइप बाराही महिने गरम राहणार आहे असं धरून.

या पट्ट्यात वाफ कुठे कुठे आहे ते आधी पाहू. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा जुना बिदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, हुमनाबाद, औराद आपल्याबरोबर म्हैसूरकडे राहिले. माणसांच्या सोयरिकी तुटल्या नाहीत आणि उसाच्या गाड्याही सीमा पाहून थांबल्या नाहीत. हळ्ळीखेड, भालकीजवळचं हुणजी, जनवाड्याच्या बाजूचा नारंजा, पलीकडे लातूरकडचे साखर कारखाने. यंदा कुणाचं धुराडं पेटलं आणि कुणाचं नाही, या वादात मी शिरत नाही; इथे दोन्ही बाजूंचे सभासद बसलेत. कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, तिथे रिॲक्टरला वाफ लागते. कलबुर्गीकडे वाडी, सेडम, मळखेड इथे सिमेंट. आणि शहाबादला तर एसीसी-बॅबकॉकच्या कारखान्यात बॉयलरच बनत. म्हणजे ज्या मुलखाला आपण मागास म्हणून अर्ज करत आलो, तो बऱ्याच वर्षांपासून पाचशे अंशांच्या आसपास काम करतो आहे.

पाचशे अंश मी उगाच म्हणत नाही. जुन्या साखर कारखान्यांत बॉयलरची वाफ २१ किलो दाबाची, ३४० अंशांची असे. मग ३२ किलो आली, ४५ आली. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, वीज करून विकायची सुरुवात झाल्यावर ६७ किलो आणि ४८५ अंश, ८७ किलो आणि ५१५ अंश, ११० किलो आणि ५४० अंश अशी चढण सुरू झाली. पाइप जवळपास तोच दिसतो. आतलं बदललं.

आता एक ढोबळ हिशेब करू. बाहेरून १६८ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे बाजारात सहा इंची म्हणतात तो पाइप घ्या. आत ५०० अंशांची वाफ. त्यातला एक मीटर, फक्त एक मीटर, उघडा आहे. त्याच्या पृष्ठभागावरून प्रारणाने आणि हवेच्या हालचालीने मिळून साधारण १० किलोवॅट उष्णता निघून जाते. दिवसभरात २४० युनिट. उष्णतेच्या भाषेत दोन लाख किलोकॅलरीच्या वर. ओल्या बगॅसच्या एका किलोत सुमारे २,२७० किलोकॅलरी असतात आणि बॉयलर त्यातले सत्तर टक्के वाफेला देतो असं धरलं, तर त्या एका मीटरसाठी दिवसाला १३० किलो बगॅस जळतो. १२० दिवसांचा हंगाम धरा. पंधरा टनांच्या वर बगॅस, एका उघड्या मीटरपायी. त्याच पाइपावर १०० मिलिमीटरचा चांगला कडक थर नीट बसवला तर १० किलोवॅटचे ३०० वॅट होतात.

आणि उघडा मीटर कुठे असतो, असं विचाराल तर तो मीटर म्हणून दिसत नाही. तो व्हॉल्व्ह असतो. फ्लँज असते. गेल्या ओव्हरहॉलिंगला गॅस्केट बदललं, तेव्हा काढलेलं आवरण कोपऱ्यात पडलं आणि कुणी पुन्हा चढवलं नाही. मोठा उघडा व्हॉल्व्ह साधारण मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता घालवतो. कारखान्यात चक्कर मारताना मी आधी व्हॉल्व्ह मोजतो, मग चहा घेतो. काही कारखान्यांत चहा थंड होतो.

थर कडकच का हवा, हा प्रश्न हिशेब बघणारे लोक हमखास विचारतात, कारण रॉकवूलची, म्हणजे दगडाच्या तंतूंची, गादी स्वस्त पडते. रॉकवूल वाईट नाही. मोठ्या व्यासाच्या, माणसाच्या हाताला न लागणाऱ्या लाइनीला ते चांगलं काम देतं. पण आपल्या कारखान्यात स्टीम लाइन ही रस्ता पण असते. तिच्यावर पाय देऊन माणूस पलीकडच्या लाइनीवर जातो, तिच्यावर शिडी टेकवतो, फळी टाकतो. दोन हंगामांत गादी वरून दबते आणि खालून लोंबते. जिथे दबली तिथे थर निम्मा झाला, जिथे लोंबली तिथे पाइप आणि गादी यांच्यात पोकळी झाली. बाहेरून पत्रा गुळगुळीत, आत काहीही. कडक थर ज्याचा करतात ते कॅल्शियम सिलिकेट दाब सोसतं, म्हणून माणसं फिरतात तिथे ते हवं.

हा पदार्थ मोठा गमतीचा आहे. चुना, सिलिका आणि थोडे तंतू पाण्यात कालवून साच्यात घालतात आणि मग बंद भांड्यात दाबाच्या वाफेत शिजवतात. त्या वाफेत चुना आणि सिलिका मिळून बारीक स्फटिकांची जाळी तयार होते, आणि सुकल्यावर उरतं ते नव्वद टक्के पोकळ. एका घनमीटरचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. वाफ अडवणारा पदार्थ वाफेतच जन्मतो. भारतीय मानक आयएस ८१५४ या पदार्थासाठी आहे आणि ते ६५० अंशांपर्यंतचं बोलतं. आपल्या साखर कारखान्यांना तेवढं पुरून उरतं.

अर्ध्या नळकांड्यासारखे दोन तुकडे पाइपाला दोन बाजूंनी लावायचे आणि तारेने किंवा पट्टीने आवळायचे, एवढंच काम आहे असं बाहेरच्याला वाटतं. मिस्त्रीला विचारा. आधी लाइनीची पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली हवी, नाहीतर सांधा गळला की सगळं फोडा. पाइप घासून त्याला तापमान सोसणारा प्राइमर हवा. हा प्राइमर सगळ्यात आधी वाचवला जातो, कारण तो कायमचा झाकला जाणार असतो आणि तक्रार करायला कुणी येत नाही.

मग सांधे. या कामाचा जीव तिथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शंभर मिलिमीटरचा थर एकाच जाडीत बसवला तर प्रत्येक मीटरला एक सरळ फट पाइपापासून पत्र्यापर्यंत जाते. त्याऐवजी पन्नासाचे दोन थर द्यायचे, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या तुकड्याच्या मध्यावर येईल असं बसवायचं. वीटकाम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण इथे आणखी एक गोष्ट आहे जी विटेला नाही. पाइप तापला की वाढतो. पाचशे अंशांना दहा मीटरचा पोलादी पाइप साठ-पासष्ट मिलिमीटरने लांब होतो. आणि कॅल्शियम सिलिकेट पहिल्यांदा तापलं की उलट आकसतं, थोडंच, मीटरमागे काही मिलिमीटर ते दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे थंड असताना मिस्त्रीने नखही शिरणार नाही असे घट्ट भिडवलेले तुकडे पहिल्या आगीत एकमेकांपासून दूर होतात. पाइप एका बाजूला पळतो आणि थर दुसऱ्या बाजूला. म्हणून मुद्दाम काही अंतरावर फट ठेवायची, तिच्यात तंतूचं दाबलं जाणारं भरण भरायचं आणि तिच्यावर दुसऱ्या थराची पट्टी सरकू शकेल अशी द्यायची. फट नको असेल तर आधी फट ठेवावी लागते, हे नव्या पोराला पटायला एक हंगाम जातो.

उभ्या लाइनीला तर थराचं वजन खाली उतरतं, म्हणून काही काही मीटरांवर पाइपाला कडं देऊन त्यावर थर टेकवायचा. कडं दिलं नाही तर सगळ्यात खालच्या तुकड्यावर वरच्या मजल्याचं ओझं येतं आणि वर, छताजवळ, हातभर पाइप उघडा पडतो. तिथे कुणाची नजर जात नाही. बेंडला फाकी कापून बसवाव्या लागतात, आणि मी चांगला मिस्त्री ओळखतो तो त्याच्या बेंडवरून. करवतीने कापलेल्या फाकी जर चुना-सिमेंटाचा लेप न देताही एकमेकींना भिडत असतील, तर तो माणूस ठेवून घ्यावा, रोजंदारी वाढवावी लागली तरी. लेप देऊन बुजवलेली फट पहिल्या तापात उघडते.

एवढं सगळं बरोबर झालं तरी मी सुरुवातीला जे म्हणालो ते अजून शिल्लकच आहे. वर पत्रा येतो, आणि पत्र्याचं काम खरं तर उष्णतेशी नाही.

ॲल्युमिनियमचा तो चकचकीत पत्रा, ज्याला साहेब लोक फोटोत पाहून खूश होतात, तो छप्पर आहे. कारखान्याच्या उघड्या अंगणातल्या, पाइप-पुलावरच्या लाइनीला तर तेच एकमेव छप्पर. पत्र्याच्या कडा एकमेकींवर पन्नास मिलिमीटर चढलेल्या हव्यात, आणि आडव्या लाइनीवर हा सांधा माथ्यावर येता कामा नये. तो बाजूला, कमरेच्या खाली, तोंड खाली करून यायला हवा, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल. उताराच्या लाइनीवर वरचा पत्रा खालच्यावर चढायला हवा. कौलं शाकारणाऱ्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. तरी मी माथ्यावर सांधा असलेल्या लाइनी पाहिल्या आहेत, कारण माथ्यावर स्क्रू मारायला हात सरळ पोहोचतो. प्रत्येक टोकाला, व्हॉल्व्हजवळ, लाइन टांगून धरणारा हँगर जिथे थरातून बाहेर येतो तिथे, भोक असतं. तिथे सीलंट हवं आणि ते उन्हाने फुटलं की पुन्हा हवं.

आता पावसाळा. औषधाच्या कारखान्यात किंवा औष्णिक वीजकेंद्रात लाइन बाराही महिने गरम असते. चार थेंब आत गेले तर ते उकळून बाहेर पडतात. परदेशी कॅटलॉग, मानकं, ठेकेदाराचे नमुने, बहुतेक सगळं अशा लाइनीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. आपला साखर कारखाना वेगळा आहे. नोव्हेंबरात पेटतो आणि मार्च-एप्रिलात विझतो. मग मे महिन्यात शिड्या, फळ्या, वेल्डिंग. आवरणं काढली जातात, लाइनीवर माणसं नाचतात, पत्रे चेपतात. आणि अशा फाटक्या अंगाने ती लाइन जूनमध्ये उघड्यावर उभी राहते. बिदरचा पाऊस कोकणासारखा नाही, पण वाऱ्याबरोबर तिरपा येतो, आणि चार महिने येतो.

कॅल्शियम सिलिकेट नव्वद टक्के पोकळ आहे, असं मी मघाशी कौतुकाने सांगितलं. ती पोकळी पाण्यालाही तेवढीच मोकळी आहे. पूर्ण भिजलं तर ते स्वतःच्या वजनाच्या चौपट पाणी धरू शकतं. मघाच्याच सहा इंची पाइपावरचा शंभर मिलिमीटरचा थर घ्या. मीटरमागे कोरडं वजन अठरा-एकोणीस किलो. निम्मंच भिजलं असं धरलं तरी मीटरमागे पस्तीसेक किलो पाणी. शंभर मीटरच्या लाइनीवर साडेतीन टन जादा ओझं, आणि हँगरचा हिशेब कोरड्या वजनावर केलेला. शिवाय पाण्यातून उष्णता कोरड्या थराच्या दसपट सहज जाते. ओली वाकळ पांघरणाऱ्याला हे कळतं.

मग दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरपूजन होतं, नारळ फुटतो, संचालक मंडळाचा फोटो निघतो आणि वाफ घाईने सोडली जाते, कारण शेजारच्या कारखान्याने आधीच गाळप सुरू केलेलं असतं. थराच्या आतल्या बाजूचं पाणी उकळतं, बाहेरच्या बाजूचं अजून थंड असतं. वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तुकडे आतल्या आत तडकतात, आणि तडकल्याचा आवाज पत्र्याखाली दबतो. एका कारखान्यात मी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याच्या सांध्यांतून धुरासारखं काहीतरी येताना पाहिलं. सगळे म्हणाले लाइन गळते. लाइन गळत नव्हती. पावसाळा बाहेर पडत होता. पुढच्या मे महिन्यात पत्रा उघडला तेव्हा आत तुकड्यांऐवजी चुरा होता आणि तो सगळा तळाला जमला होता. माथ्यावर पाइप उघडा आणि त्याच्यावर सुबक पत्रा.

त्याहून वाईट गोष्ट अशी की सगळ्यात मोठं नुकसान सगळ्यात गरम लाइनीचं होत नाही. लोखंडाला आवरणाखाली गंज चढायला पाणी, हवा आणि मध्यम गर्मी लागते. साधारण ५० ते १७५ अंशांच्या मधली. पाचशे अंशांची लाइन चालू असताना सुकलेलीच असते. पण टर्बाइनमधून बाहेर पडलेली, इव्हापोरेटर आणि रस तापवणाऱ्या हीटरकडे जाणारी एक्झॉस्ट वाफ १२० ते १३० अंशांची असते. तिच्या मोठ्या, पातळ भिंतीच्या लाइनींवर आपण कमी लक्ष देतो, कारण त्या फार गरम नाहीत. नेमक्या त्याच गंजतात. हंगामात कोमट ओल, हंगामाबाहेर थंड ओल. बॉयलरच्या कायद्याने, मग तो १९२३ चा असो की २०२५ चा नवा, पाइप फुटू नये याची काळजी घेतली. पण निरीक्षकाला दिसतो तो पत्रा.

उपाय महाग नाहीत. काही तर फुकट आहेत. गाळप संपल्यावर, मे महिन्यात बाकीचं काम सुरू व्हायच्या आधी, एक माणूस फक्त पत्रा बघत फिरवावा. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळी उघडी टोकं प्लास्टिकने का होईना, बांधून घ्यावीत. आडव्या लाइनीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला पत्र्याच्या तळात बारीक भोकं ठेवावीत म्हणजे आत शिरलेलं पाणी साचणार नाही. काम कुठल्या पद्धतीने करायचं ते आयएस १४१६४ मध्ये लिहिलेलं आहे. पाण्याने न भिजणारे प्रकारही मिळतात, सिलिकोन लावलेलं कॅल्शियम सिलिकेट किंवा पर्लाइट. पण ते द्रव्य तीनशे अंशांच्या आसपास जळून जातं, त्यामुळे मुख्य लाइनीच्या आतल्या थराला त्याचा भरवसा नाही, एक्झॉस्ट लाइनीला मात्र आहे. आणि हंगामाच्या सुरुवातीला लाइन सावकाश तापवावी. बॉयलरपूजनाचा मुहूर्त एक दिवस आधीचा काढला तर भटजींची काही हरकत नसते, मी विचारून पाहिलंय.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती बऱ्याच भांडणांचं मूळ आहे. पत्र्याला हात लावून भाजत असेल तर थर कमी पडलाय, असं मानायची पद्धत आहे. वरचं तापमान ६० अंशांच्या आत हवं, कारण तेवढ्या गरम धातूला पाच सेकंद हात लागला तरी गंभीर भाजत नाही, असा साधारण दंडक आहे. पण चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता प्रारणाने फार कमी टाकतं, त्यामुळे तेच आवरण तेवढीच उष्णता घालवत असताना चकचकीत पत्र्याखाली हाताला जास्त गरम लागतं आणि मळक्या, काळवंडलेल्या पत्र्याखाली कमी. आमच्या मघाच्या उदाहरणात हा फरक दहा अंशांचा सहज होतो. आणि हल्ली सगळे बंदुकीसारखा थर्मामीटर रोखून माप घेतात. तो तर चकचकीत पत्र्यावर खोटं बोलतो, फार कमी दाखवतो. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावा, ती तापू द्या, मग तिच्यावर रोखा. ठेकेदार आणि साहेब यांच्यातला निम्मा वाद तिथे मिटतो. उरलेला निम्मा बिलाचा असतो.

बिलाबद्दल बोलायलाच हवं. लॅगिंगचं, म्हणजे पाइपावर आवरण चढवायचं, काम आपल्याकडे रनिंग मीटरने किंवा चौरस मीटरने मोजलं जातं. पत्रा चढला की मीटर भरला. आत सांधे एकाआड एक आहेत का, फटीत भरण आहे का, प्राइमर लागला का, हे मापाच्या वहीत येत नाही. मग टोळीचा मुकादम काय करेल? तो भराभर पत्रा चढवेल, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तेवढ्याचेच पैसे मिळतात. माझं म्हणणं असं की पत्रा चढायच्या आधी एक सही हवी, आणि बिलाचा शेवटचा हप्ता पहिला पाऊस आणि त्यानंतरचा पहिला तापाचा महिना संपल्यावर, उष्णता मोजून द्यावा. हे सांगितलं की ठेकेदार हसतात. २०१२ पासून केंद्राच्या ऊर्जाबचत योजनेत आठ उद्योगांना उद्दिष्टं लावली गेली. त्यात सिमेंट होतं, म्हणून वाडी-सेडमकडे निदान हिशेब ठेवायची सवय लागली. साखर त्या पहिल्या आठात नव्हती. बगॅस आपलाच, फुकटचा, अशी आपली समजूत. तो फुकटचा असता तर पार्टिकल बोर्डवाले आणि कागदवाले त्याला भाव देत नव्हते.

शेवटचा भाग जरा जड आहे, पण गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावरून तो टाळणं बरं दिसणार नाही.

आज आपण कॅल्शियम सिलिकेट बसवतो ते जुनं काढून. जुन्या कारखान्यांत त्या जुन्यात काय असतं? पूर्वी जगभर वाफेच्या पाइपावर पंच्याऐंशी टक्के मॅग्नेशिया आणि बाकी ॲस्बेस्टॉस असं मिश्रण वापरलं जाई. ॲस्बेस्टॉसची दोरी, ॲस्बेस्टॉसचं कापड, ॲस्बेस्टॉसचा लेप. सुरुवातीचं कॅल्शियम सिलिकेटसुद्धा अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचे तंतू घालूनच बनत असे. आपल्या शेजारी हैदराबादेत १९४६ साली ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना उभा राहिला आणि चारमिनार छापाचे पत्रे बिदरच्या घराघरांवर चढले. त्याच कंपनीचं हायसिल नावाचं कॅल्शियम सिलिकेटही पुढे बाजारात आलं. त्या काळी ॲस्बेस्टॉस म्हणजे प्रगती होती. घरावरच्या पत्र्यात ते सिमेंटात बांधलेलं असतं. लॅगिंगमधलं मात्र भुसभुशीत असतं. हाताने चुरडलं की हवेत.

१९६४ साली न्यूयॉर्कचे डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला; त्यासाठी त्यांनी लॅगिंग कामगारांच्या संघटनेची जुनी सभासद-यादी घेतली होती. ६३२ माणसं. हे खाणीतले किंवा गिरणीतले कामगार नव्हते. आपण आत्ता ज्यांच्याबद्दल बोलतोय तेच, पाइपाला आवरण घालणारे. एवढ्या माणसांत फुप्फुसाच्या आणि त्यावरच्या पडद्याच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. झाले पंचेचाळीस. रोग दिसायला वीस वर्षं, तीस वर्षं लागतात, तोवर टोळी फुटलेली असते आणि मुकादमाचा नंबर बंद झालेला असतो.

म्हणून मे महिन्यात जुनं आवरण काढताना ते पहारीने कोरडं फोडू नका. नमुना तपासून घ्या. ॲस्बेस्टॉस असेल तर पाणी मारून ओलं करा, तुकडे मोठे काढा, जाड पिशवीत बंद करा, आणि त्यासाठी परवाना असलेल्या माणसालाच द्या. झाडूने लोटू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. तो चुरा कारखान्यामागच्या खड्ड्यात गेला की पुढच्या उन्हाळ्यात पोरं त्यात खेळतात.

जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दलच्या एका याचिकेवर निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं. आणि प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायला सांगितलं. आपल्या कारखान्यांच्या टाइम ऑफिसात हंगामी माणसाचं नाव हंगामापुरतं असतं, आणि लॅगिंगच्या टोळीचं तर तेवढंही नसतं. ठेकेदाराच्या नावापुढे "माणसं १२" एवढंच. त्या बारांची वही ४० वर्षं कोण सांभाळणार, हे मी इथे पहिल्या रांगेत बसलेल्या संचालकांना विचारून ठेवतो. उत्तर आभारप्रदर्शनानंतर, चहाच्या वेळी दिलं तरी चालेल.